न विचारता घेतलेले अठरा गुंठे

आमच्या शेतातून कालवा गेला तेव्हा मी तिशीच्या आत होतो. एके सकाळी मोजणीची माणसे आली, बांधाच्या आत चुन्याच्या दोन समांतर रेषा ओढल्या गेल्या आणि त्या रेषांमधले अठरा गुंठे त्या दिवसापासून आमचे राहिले नाहीत. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोटीस दोनदा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि मोजणीदाराला एवढेच विचारले, "आमी नगं म्हटलं तर?" तो माणूस भला होता, नुकताच आमच्या घरचा चहा प्यायला होता, त्यामुळे उत्तर देणे त्याला जड गेले. तो म्हणाला, "तात्या, नको म्हणायची सोयच नाही यात." हरकत घेता येत होती, १८९४ च्या भूसंपादन कायद्यात तसे कलमच होते, पण हरकतीवर शेवटचा निर्णय देणारे शासन आणि जमीन मागणारे शासन एकच होते.

तात्यांनी पुन्हा कधी तो प्रश्न विचारला नाही. मी मात्र गेली पंचवीस-सव्वीस वर्षे तो मनात घोळवतो आहे, आणि आज येथे तो नीट मांडून पाहावा असे वाटते. ज्याने कोणाचे काही बिघडवलेले नाही, अशा माणसावर स्वतःहून बळ न वापरता सरकार चालू शकते का? आणि चालू शकत नसेल, तर अशा सरकारला नैतिक अधिष्ठान कोठून मिळते?

लहानपणी भांडण सोडवताना आमची आजी दोघांनाही एकच गोष्ट विचारायची: आधी हात कोणी उचलला? मारले कोणी हा तिचा प्रश्नच नसे, कारण मार दोघांनीही दिलेला असे. स्वातंत्र्यवादी, म्हणजे व्यक्तीचे स्वातंत्र्य सर्वांत वर मानणाऱ्या, विचारवंतांच्या मांडणीचा गाभा मला याच प्रश्नात सापडतो. कोणीही, कोणत्याही कारणासाठी, पहिला हात उचलू नये; उचललेला हात अडवण्यासाठी मात्र बळ वापरता येते. हा नियम शेजाऱ्याला लागू असेल तर तो सरकारलाही लागू असला पाहिजे, कारण सरकार म्हणजे आपल्यासारखीच माणसे, आणि जो अधिकार आपल्यापैकी एकालाही नाही तो सर्वांनी एकत्र आल्यामुळे निर्माण होत नाही. मला हे म्हणणे आजही खोडून काढता आलेले नाही.

महाविद्यालयात असताना मी या विचाराने भारावलो होतो, आणि त्याचे कारण पुस्तकी नव्हते. सांगली-साताऱ्याच्या ऊस पट्ट्यात तेव्हा झोनबंदी होती. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक साखर कारखान्याला कार्यक्षेत्र आखून दिले होते, आणि त्या क्षेत्रातल्या शेतकऱ्याने आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालायचा नाही असा दंडक होता. स्वतःच्या रानात, स्वतःच्या विहिरीच्या पाण्यावर, स्वतःच्या कर्जाने वाढवलेला ऊस जो चार पैसे जास्त देईल त्याला विकणे हा गुन्हा ठरत होता. त्या शेतकऱ्याने कोणावर हात उचलला होता? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी शेतकऱ्यांना आयुष्यभर हेच समजावून सांगितले की त्यांचे दारिद्र्य निसर्गाने दिलेले नसून धोरणाने लादलेले आहे. १९९७ मध्ये झोनबंदी उठली आणि तिच्यावाचून आभाळ कोसळले नाही. अशा बंधनांविषयी माझे मत तेव्हाही स्वच्छ होते आणि आजही स्वच्छ आहे: ती अन्याय्य होती, आणि त्यांच्या समर्थनार्थ सहकार वाचवण्याची जी भाषा केली जात होती तिने तो अन्याय कमी होत नव्हता.

पण झोनबंदी हे सोपे उदाहरण झाले. खरी अडचण पुढे आहे. अशी सगळी अनावश्यक बंधने काढून टाकली आणि सरकारकडे केवळ पोलीस, न्यायालय आणि सीमेचे रक्षण एवढेच ठेवले, तरी त्याला दोन गोष्टी कराव्याच लागतात. पहिली गोष्ट म्हणजे या कामांसाठी पैसा गोळा करणे, आणि तो जो देणार नाही त्याच्याकडून वसूल करणे. दुसरी अधिक खोल आहे: न्याय देण्याचा अंतिम अधिकार फक्त आपला, इतर कोणाचा नाही, असे जाहीर करणे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये राज्यसंस्थेची व्याख्याच अशी केली की ठरावीक भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी जी यशस्वीपणे सांगू शकते ती राज्यसंस्था. ही मक्तेदारी टिकवायची तर, ज्याला तिची गरज वाटत नाही आणि ज्याने कोणाचा अपराध केलेला नाही, अशा माणसालाही दम द्यावा लागतो. म्हणजे छोट्यात छोटे सरकारसुद्धा कोणावर तरी पहिला हात उचलतेच.

तसे नसलेले सरकार कधी होते का, हा प्रश्न पडला की साताऱ्याच्या माणसाचे मन आपोआप १९४३ कडे जाते. तेव्हा सातारा आणि आजचा सांगली हा बहुतांश एकच जिल्हा होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन नऊ जण हुतात्मा झाले आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावरही गोळ्या चालल्या. निःशस्त्र लोकांवर पहिला हात कोणी उचलला हे त्या दोन दिवसांत जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर आणि त्यांच्या असंख्य अनाम साथीदारांनी जे उभे केले, त्या भूमिगत, समांतर सरकारला प्रतिसरकार म्हणतात. त्याच्याजवळ कचेरी नव्हती, तुरुंग नव्हता, गादी नव्हती. लोक आपले तंटे घेऊन न्यायदान मंडळापुढे येत, कारण ब्रिटिशांच्या कोर्टापेक्षा त्यांचा या मंडळावर विश्वास होता. हुंड्याशिवाय, थोड्या खर्चात लग्ने लागत, दारूच्या भट्ट्या बंद होत, सावकाराच्या आणि दरोडेखोरांच्या जाचातून गावे सुटत. खर्चासाठी परक्या सरकारच्या खजिन्यावर हात टाकला जाई; १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याजवळ चिमठाणे येथे लुटलेला खजिना हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण, आणि तो पैसाही शेवटी रयतेकडूनच सक्तीने गोळा झालेला होता.

ज्याची वैधता केवळ लोकांच्या विश्वासावर उभी होती असे सरकार शोधायचे असेल, तर माझ्या मते जगाच्या पाठीवर याहून चांगली उदाहरणे फार थोडी मिळतील. रात्री भाकरी बांधून देणाऱ्या बाईवर कोणी सक्ती केली नव्हती, आणि त्या भाकरीची शिक्षा तिला घर जाळून मिळू शकत होती. स्वखुशीने दिलेला यापेक्षा मोठा कर मला माहीत नाही. मी हे लिहिताना मला त्या माणसांविषयी वाटणारा आदर लपवीत नाही, आणि लपवण्याचे कारणही नाही.

तरीही लोकांच्या तोंडी त्याचे नाव पत्री सरकार झाले, आणि या नावातच माझी अडचण आहे. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तशी हे सरकार माणसाच्या पायाला ठोकते असा बोलबाला झाला. प्रत्यक्षात तळपायांवर काठीचे फटके देत. दरोडेखोराला, फितुराला, बाईवर अत्याचार करणाऱ्याला ही शिक्षा झाली, तर आजीच्या न्यायाने तेथे पहिला हात त्याचा होता. पण दारू गाळणाऱ्याचे काय? हौसेने मोठे लग्न करू पाहणाऱ्याचे काय? आणि ज्याच्यावर फितुरीचा केवळ संशय होता, त्याने दाद कोणाकडे मागायची? चोवीस तास पाठलाग होत असलेल्या भूमिगत माणसांकडून अपील न्यायालयाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे मला कळते. माझा मुद्दा त्यांच्या चारित्र्याविषयी नाही. मुद्दा असा की इतक्या निष्कलंक हेतूने, इतक्या व्यापक संमतीने उभे राहिलेले सरकारसुद्धा न्याय द्यायला बसले की संमती न दिलेल्या कोणावर तरी त्याला काठी उचलावी लागली. बहुसंख्यांची संमती ही त्या एकाची संमती होत नाही.

प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे गाव औंध संस्थानात होते, आणि त्याच संस्थानात थोडे आधी याच प्रश्नावर दुसऱ्या टोकाकडून प्रयोग झाला होता. औंध हे ७२ गावांचे छोटे, विखुरलेले संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती देण्याचे ठरवले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन मसुदा घडवला, आणि जानेवारी १९३९ मध्ये गावपंचायतीच्या पायावर उभी असलेली राज्यघटना अमलात आली. राज्यसंस्था म्हणजे हिंसेचे एकवटलेले, संघटित रूप असे गांधीजींनी त्याआधी, १९३४ मध्ये, निर्मलकुमार बोस यांच्याशी बोलताना म्हटले होते. त्याच गांधीजींनी एका राज्याची घटना घडवण्यात लक्ष घातले, यात मला विसंगती दिसत नाही. हिंसा एकवटलेली असेल तर ती गावोगाव पांगवून, शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणून पातळ करावी, असा तो प्रयत्न होता.

या प्रयोगातला मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग आटपाडीजवळचा स्वतंत्रपूर. १९३९ मध्ये तेथे भिंती नसलेला तुरुंग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी बायकामुलांसह तेथे राहू लागले आणि शेती करू लागले. पुढे त्यावरून प्रेरणा घेऊन निघालेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट सर्वांना ठाऊक आहे, पण मला त्यातली राजकीय कल्पना चित्रपटापेक्षा मोठी वाटते. शासनाचे सर्वांत उघडे बळ जेथे दिसते त्या तुरुंगातूनच बळ काढून घेऊन तेथे माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात आला. तथापि हे विसरता येत नाही की शिक्षा ठोठावणारे न्यायालय मागे उभे होते. भिंत पाडली गेली होती, निकाल मात्र कैद्याच्या संमतीने लागलेला नव्हता.

मग सरकारच नको, गावाने आणि समाजाने आपसांत राजीखुशीने काय ते ठरवावे, असे म्हणावे का? तरुणपणी मी तसे म्हणत होतो. माझे मत बदलले ते जातपंचायतींची प्रकरणे ऐकून. पंचायत कोणावर हात उचलत नाही. ती फक्त ठरवते की अमुक घराशी कोणी बोलायचे नाही, त्याच्या दारात लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. बोलायचे की नाही हा प्रत्येकाचा अधिकारच आहे. कोणी कोणाला धक्काही लावलेला नाही. आजीच्या प्रश्नाला येथे उत्तरच मिळत नाही, कारण हात उचललेला कोठेच दिसत नाही, आणि तरी एक कुटुंब चिरडले जाते. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावगाड्याच्या गौरवावर जो कठोर घाव घातला, त्याचे मर्म मला येथे उमगले: सरकारपासून सुटका म्हणजे गावापासून सुटका नव्हे, आणि ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर गेल्या त्याला तर मुळीच नव्हे.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालवली. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉक्टरांचा खून झाल्यावरही कार्यकर्त्यांनी ती थांबू दिली नाही, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कठोर स्वातंत्र्यवादी म्हणेल की येथे सरकारने पहिला हात उचलला, कारण पंचांनी केवळ अबोला धरला होता. मला हे मान्य करता येत नाही. विहीर, पिठाची गिरणी, दुकान आणि स्मशान एकाच वेळी बंद करणे हा अबोला नव्हे. पण मग हेही मान्य केले पाहिजे की पहिला हात कोणता हे दरवेळी उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते, आणि जो ठरवतो त्याच्या हातात सत्ता येते. कृष्णाकाठी २०१९ च्या पुरानंतर सांगलीत हाच वाद वेगळ्या रूपात पाहिला. नैसर्गिक ओत, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या सखल वाटा, भराव टाकून बुजवणारा म्हणतो, माझ्या जागेत मी माती टाकली. पलीकडच्या घरात छातीएवढे पाणी चढलेले असते.

म्हणून मी आज ज्या ठिकाणी येऊन पोहोचलो आहे ते असे. स्वतःहून बळ न वापरणारे सरकार असू शकत नाही. ते अस्तित्वात येतानाच, न्याय आम्हीच देणार असे म्हणून, निरपराध माणसालाही बांधून घेते. त्या बळाचे समर्थन करण्यासाठी जी नेहमीची उत्तरे दिली जातात ती मला पटत नाहीत. तुम्ही येथे राहता म्हणजे तुम्ही संमती दिली आहे, असे म्हणतात; तात्यांचे घराणे त्या रानात सरकार बदलण्याच्या कितीतरी आधीपासून होते, त्यांनी निघून जावे असे सांगण्याचा अधिकार नव्या मालकाला कसा मिळाला? तुम्ही मतदान केले आहे, असेही म्हणतात. मताने कोणी ठरवायचे एवढे ठरते, काय घ्यायचे ते ठरत नाही. लोकहित हा शब्द तर मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो उच्चारला की हिशेब मिटल्यासारखा वाटतो.

आणि माझ्या मते चूक नेमकी येथेच होते. निरपराध माणसावर वापरलेले बळ कशानेही योग्य ठरत नाही. ते कर्ज म्हणून अंगावर येते. कधीकधी असे कर्ज काढावे लागते, जसे घर चालवणाऱ्याला काढावे लागते, पण घरातल्या आजारपणासाठी काढले म्हणून सावकाराची वही कोरी होत नाही. सरकारची नैतिकता त्याने हात उचलला की नाही यावर ठरवायची म्हटली तर सगळीच सरकारे नापास होतील आणि मग चांगल्या-वाईटात फरक करता येणार नाही. ती या गोष्टीवर ठरवावी की हे कर्ज त्याने कबूल केले का, कोणाचे किती देणे आहे ते लिहून ठेवले का, ते फेडले का, आणि फेडता येणार नसेल तर कर्ज काढण्याचे टाळले का. झोनबंदी या कसोटीवर उतरत नाही, कारण तेथे शेतकऱ्याचे काही देणे लागतो ही जाणीवच नव्हती.

कोयनेचे उदाहरण मला याबाबतीत सर्वांत जड वाटते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठू लागले आणि पाटण-जावळीच्या खोऱ्यातली गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. त्या पाण्यावर पुढे १,९६० मेगावॉट वीज उभी राहिली, मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, माझ्या घरातला दिवाही त्यातूनच लागला असणार. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा मात्र महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला, आणि त्या माणसांची मुले-नातवंडे सोलापूर-सांगलीपासून ठाणे-रायगडपर्यंत विखुरली. कोयनानगरला त्यांच्या वारसांनी अगदी अलीकडेही ठिय्या आंदोलन केले आहे. धरण बांधू नये होते असे मी म्हणत नाही. दुष्काळी मुलखात वाढलेला माणूस असे सहज म्हणू शकत नाही. पण साठ वर्षे थकलेले देणे हे देणे उरत नाही, ती लूट होते, मग ती लोकहितासाठी असो. त्यात मालमत्तेचा मूलभूत हक्कही १९७८ च्या घटनादुरुस्तीने काढून घेतला गेला, म्हणजे वहीत घेणेकऱ्याची बाजूच पुसट झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी मात्र संमतीची अट त्यातही नाही. आपल्याला संमती मागावी लागू नये, असे शासनाला इतके खात्रीने का वाटते, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

आमच्या कालव्याला पाणी यायला बरीच वर्षे लागली. मोबदला आला तो तुकड्यातुकड्यांनी, आणि त्यासाठी तात्यांनी घातलेल्या खेपा मी मोजल्या नाहीत. पण पाणी आले तेव्हा उरलेल्या रानात ज्वारीच्या जागी द्राक्षे उभी राहिली, आणि माझ्या मुलांची शिक्षणे त्या बागेने केली, हेही तितकेच खरे आहे. तात्या कालव्याच्या कडेने रोज फिरायला जात. त्यांना पाण्याचा आनंद नव्हता असे मुळीच नाही. मी एकदा म्हणालो, "तात्या, शेवटी आपला फायदाच झाला की." ते म्हणाले, "झाला. पर इचारायला पायजे हुतं." या दोन वाक्यांपैकी पहिल्याने दुसरे खोडले जात नाही, हे समजायला मला इतकी वर्षे लागली.

मध्यंतरी आमच्या गावच्या रस्त्याचे रुंदीकरण मंजूर झाले आहे. रस्ता मला हवा आहे. पावसाळ्यात द्राक्षांच्या गाड्यांचे आणि शाळेच्या मुलांचे काय हाल होतात ते मी पाहतो. माझी जागा त्यात जात नाही, शेजारच्या आबांचा गोठा आणि घराचा सोपा जातो. त्या रस्त्याने उद्या मी जाणार आहे, म्हणजे आबांच्या सोप्याचे देणे थोडे माझ्याही नावावर चढते. येत्या सोमवारी प्रांत कार्यालयात सुनावणी आहे. आबांना लिहिता-वाचता बेताचेच येते, म्हणून त्यांची हरकत मी लिहून दिली आहे, आणि सोमवारी सकाळच्या एसटीने मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.